बारावा चौकोन

१

नवनाथ पगारेने आजवर हॉटेलांत, मंगल कार्यालयांत, कॉलेजांत आणि सातपूरच्या कारखान्यांत वायफाय बसवलं होतं. पण दवाखान्याचं काम आलं की त्याच्या कपाळावर आठी चढायची. काम अवघड होतं म्हणून नव्हे. काम तेच. छतातून तार ओढायची, ताटलीएवढा पांढरा डबा टांगायचा, लॅपटॉपवर सिग्नल तपासायचा. वैताग होता तो कामाभोवतीच्या सोपस्कारांचा.

छताची एक टाइल सरकवायची तर आधी परवाना आणि त्यावर सिस्टरची सही. सही मिळाली की जमिनीपासून छतापर्यंत प्लास्टिकचा तंबू उभारायचा, आत शिरून त्याची चेन लावायची, तोंडाला मास्क, एका हातात टाइल आणि दुसऱ्या हातात व्हॅक्युमची नळी. एका वेळी एकच टाइल. ती बसवल्याशिवाय दुसरीला हात नाही. छतातली धूळ एखाद्या खंगलेल्या पेशंटच्या छातीत गेली तर काय होतं, हे नवनाथला ठाऊक होतं. नियम त्याला पटत होते. पटत असूनही तंबूतल्या उकाड्यात शिडीवर उभं राहिलं की त्याला कोणाला तरी चार शब्द सुनवावेसे वाटायचे.

मुंबई नाक्याजवळच्या त्या तीन मजली खासगी रुग्णालयात सर्वांत वर, तिसऱ्या मजल्यावर, अकरा बेडचा आयसीयू होता. प्रत्येक बेडजवळ एक मॉनिटर, आणि अकराही मॉनिटरचे आकडे सिस्टरच्या काउंटरवरच्या एका मोठ्या पडद्यावर. एका पेशंटला एक चौकोन. आतापर्यंत हे सगळं तारांवर चालायचं, ते आता वायफायवर घ्यायचं होतं. सोमवारी तपासणी समिती येणार होती. आज शनिवार. आणि कामाला परवानगी फक्त दुपारी दोन ते चार, पेशंट जरा डुलकी घेतात तेव्हा.

दोन वाजून पस्तीस मिनिटांनी नवनाथने चौथा आणि शेवटचा डबा टांगला, टाइल बसवली, तंबूतून घामाघूम होऊन बाहेर आला आणि लॅपटॉप उघडला. अकरा मॉनिटर एकामागून एक नव्या नेटवर्कवर आले.

मग बारावा आला.

२

‘‘डुप्लिकेट एंट्री असेल हो,’’ आल्हाद गायधनी फोनवर म्हणाले. ते रुग्णालयाचे आयटी प्रमुख; बसायचे तळघरात, आणि वर येणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. ‘‘डिलीट मारा आणि पुढे चला.’’

‘‘सर, दोनदा केलं. परत येतं.’’

‘‘मग तिसऱ्यांदा करा. मला सोमवारी समितीपुढे अकरा म्हणजे अकरा दिसले पाहिजेत. तुम्हाला सेफ्टीचं सर्टिफिकेटही द्यायचंय, ‘नेटवर्कवर अनोळखी उपकरण नाही’ म्हणून. विसरला नाहीत ना?’’

नवनाथ विसरला नव्हता. तो हातात यादी घेऊन बेड एकपासून अकरापर्यंत फिरला. प्रत्येक मॉनिटर मागून पाहिला, नंबर ताडून पाहिला. अकरा होते. स्टोअरमध्ये जादा मॉनिटर आहे का, विचारलं. नव्हता. दुरुस्तीला गेलेला? तोही नव्हता.

तो काउंटरकडे वळला तर इंदिरा सिस्टर पडद्याकडे बघत उभ्या होत्या. बावीस वर्षांची नोकरी, बारीक चण, आणि आवाज असा की वॉर्डबॉय लांबूनच सरळ व्हायचे.

‘‘पगारे, हे काय आणून ठेवलंत माझ्या स्क्रीनवर?’’

खालच्या कोपऱ्यात बारावा चौकोन उघडला होता. नाव नाही, बेडचा नंबर नाही. पण त्यात हिरवी रेघ चालत होती, वर-खाली, वर-खाली. नाडी ५२. ऑक्सिजन ८७.

‘‘टेस्टिंगचा सिग्नल असेल, सिस्टर.’’

‘‘टेस्टिंगचा सिग्नल मी पाहिलाय. तो शाळेतल्या पट्टीने काढल्यासारखा असतो.’’ त्यांनी बोट पडद्याजवळ नेलं. ‘‘हे बघा, मध्ये एक ठोका अडखळतो. मग एक जोरात येतो. असं म्हाताऱ्या हृदयाचं असतं. हा कोणाचा पेशंट आहे?’’

‘‘तेच शोधतोय.’’

‘‘लवकर शोधा. मला अकरा सांभाळायचेत. तिथे नजर जाते सारखी.’’

नवनाथने मान हलवली. त्याचीही नजर तिथेच जात होती. शेजारच्या रुग्णालयाचा मॉनिटर असेल, त्याने मनाशी मांडणी केली. सिग्नल भिंतीतून येतो. पण शेजारी रुग्णालय नव्हतं. एका बाजूला पार्किंग, दुसऱ्या बाजूला टायरचं दुकान. आणि नवं नेटवर्क सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. त्याचा पासवर्ड नवनाथने स्वतः, आज सकाळी, घरी चहा पिताना ठरवला होता. तो अजून कोणाला सांगितलाही नव्हता.

३

शोधायची एक साधी रीत असते. चारही डबे पाळीपाळीने बंद करायचे आणि पाहायचं, कोणता बंद केल्यावर ते उपकरण दुबळं होतं. नवनाथने तसं केलं. बारावा मॉनिटर बेड सातजवळच्या डब्याला धरून होता. मग लॅपटॉप हातात घेऊन तो इकडून तिकडे हळूहळू चालला. काउंटरजवळ सिग्नल क्षीण. बेड पाचजवळ बरा. बेड सातच्या उशाशी, बाहेरच्या भिंतीला लागून, एकदम कडक. हाताच्या अंतरावर असल्यासारखा.

भिंतीच्या पलीकडे काही नव्हतं. खिडकीतून त्याने डोकावून पाहिलं. तीन मजले खाली स्कूटरींची रांग आणि उन्हात झोपलेलं कुत्रं.

बेड सातवर घोटीकडच्या मालनबाई होत्या. सत्तरी उलटलेली, न्यूमोनियाने आलेली, कालपासून जरा सावरलेली. नाकाला ऑक्सिजनची नळी, बोटाला चिमटी. डोळे मिटूनच त्या म्हणाल्या, ‘‘काय शोधतो रं बाबा?’’

‘‘काही नाही, आजी. मशीन तपासतोय.’’

‘‘वर कोन झोपलंय?’’

‘‘वर कोणी नाही. वर गच्ची आहे.’’

‘‘गच्चीव नाय.’’ त्यांनी चिमटी लावलेलं बोट जरासं उचललं. ‘‘हितं. ह्या पत्र्याच्या वर. मगापासून कूस बदलतंय. लय अवघडलंय बघ.’’

आयसीयूत माणसं काहीबाही बोलतात, हे नवनाथला माहीत होतं. त्याने वर पाहिलं. पांढरी टाइल. टाइलला बारीक भोकं. वर पाण्याच्या टाक्या असतील, नळ्यांतून पाणी जात असेल, आवाज येत असेल. येत होताही. काहीतरी घासत, थांबत, पुन्हा घासत.

परवान्यात चार टाइल होत्या. चारही उघडून झाल्या होत्या. ही पाचवी. त्याने आल्हाद सरांना फोन लावला.

‘‘पाचवीसाठी नवा अर्ज लागेल,’’ ते म्हणाले. ‘‘सोमवारी टाका.’’

‘‘सोमवारी तर समिती येतेय!’’

‘‘म्हणूनच तर. आता उघडाउघडी नको. मी मीटिंगमध्ये आहे.’’

फोन बंद झाला. नवनाथने दात आवळले. डिलीट मारा, सर्टिफिकेट द्या, टाइल उघडू नका! तो लॅपटॉप आपटणार होता, तेवढ्यात मागून इंदिरा सिस्टरचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते, पण सगळा वॉर्ड हलला.

‘‘सात नंबर! मास्क द्या, लवकर!’’

४

मालनबाईंचे ओठ निळसर पडले होते. बेडजवळच्या मॉनिटरवर ऑक्सिजन ७९ होता. दुपारच्या वेळी बेडजवळचे आवाज मंद ठेवायचे, कारण काउंटरवर घंटा वाजते. पण काउंटरवर काहीच वाजलं नव्हतं. तिथे सातचा चौकोन ९५वर थिजून उभा होता, शांतपणे, जणू सगळं ठीक आहे. सिस्टर औषध द्यायला म्हणून उठल्या नसत्या तर कोणाला कळलंही नसतं.

ड्युटीवरचे डॉक्टर धावत आले, मास्क लावला, ऑक्सिजन वाढवला. पाच-सात मिनिटांनी आकडा ९०वर आला. डॉक्टर खालच्या मजल्यावर परत गेले. मग सिस्टर नवनाथसमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी बोट पडद्याकडे रोखलं.

‘‘तुमच्या ह्या खेळापायी माझी पेशंट गेली असती. कळतंय का तुम्हाला? स्क्रीन खोटं सांगत होती!’’

नवनाथची मान खाली गेली. त्याच्याकडे उत्तर होतं, आणि ते खरंही वाटत होतं. दोन उपकरणांनी एकच पत्ता घेतला की असं होतं. बाराव्याने सातचा पत्ता बळकावला, सातचे आकडे मध्येच अडकले. त्याने तसं सांगितलं.

‘‘बरं,’’ सिस्टर म्हणाल्या. ‘‘आकडे अडकले. पण बाईंचा ऑक्सिजन खरोखर का पडला?’’

‘‘तो आजाराचा भाग असेल.’’

‘‘मग बाराचा बघा.’’

त्याने पडद्याकडे पाहिलं. बाराव्या चौकोनात आता नाडी ७० होती. ऑक्सिजन ९६. ठोका अडखळत नव्हता.

त्याने बाराव्याला नेटवर्कवरून हाकललं. चौकोन करडा झाला. सिस्टरांनी खिशातून छोटं ऑक्सिमीटर काढून मालनबाईंच्या दुसऱ्या हाताच्या बोटाला लावलं. ते साधं चिमटीसारखं यंत्र. त्याला ना तार, ना नेटवर्क, त्याच्यात फक्त दोन सेल. त्यावर ९१, ९३, ९५. तीन मिनिटांनी बारावा परत आला. छोट्या यंत्रावर ९३. ९०. ८६.

‘‘पुन्हा काढा,’’ सिस्टर कुजबुजल्या.

त्याने काढलं. ८८, ९२, ९५. बारावा परत आला. ९१. ८७.

योगायोग एकदा होतो. दोनदा झाला तर माणूस स्वतःची समजूत घालतो. नवनाथने तिसऱ्यांदा काढून पाहिलं, आणि मग त्याला समजूत घालायला काही सापडेना. वायफायने माणसाचा श्वास कमी होत नाही. हे त्याला ठाऊक होतं. हे त्याने किती तरी दवाखान्यांत घाबरलेल्या नातेवाइकांना समजावून सांगितलं होतं, कागद दाखवून. आताही तो तेच मनात घोकत होता आणि समोर आकडा उतरत होता.

‘‘पाचवी टाइल उघडा,’’ सिस्टर म्हणाल्या. ‘‘सही मी करते.’’

५

मालनबाईंचा बेड सरकवून दुसऱ्या टोकाला नेला. नवनाथने तंबू उभारला, आत जाऊन चेन ओढली. बाहेरचा वॉर्ड दुधाळ झाला. सिस्टरांची आकृती नुसती सावली. प्लास्टिक श्वास घेतल्यासारखं आत-बाहेर होत होतं. एसीचा झोत, दुसरं काय.

शिडीवर चढून त्याने टाइल उचलली आणि डोकं वर काढलं.

दीड फुटाची पोकळी. विजेरीच्या झोतात एसीची पत्र्याची नळी दिसली, ऑक्सिजनच्या तांब्याच्या नळ्या, त्याने परवाच ओढलेल्या निळ्या तारा. धूळ. पण वास धुळीचा नव्हता. पावडर, घाम आणि बरेच दिवस न बदललेली चादर, असा वास होता. बेडवर पडून राहिलेल्या माणसाचा. आणि तिथे, एसीच्या नळीशेजारी, हवा उबदार होती.

घासण्याचा आवाज थांबला.

नवनाथने विजेरी विझवली. का विझवली, हे त्याला नंतर सांगता आलं नाही. बहुधा एखाद्या यंत्राचा दिवा अंधारात चटकन दिसेल म्हणून.

आणि दिसला. बाहेरच्या भिंतीपाशी, हात लांब केला तर जेमतेम पोचेल अशा अंतरावर, लाल उजेड होता. पण तो दिवा नव्हता. दिव्याला कड असते. हा लाल रंग मऊ होता, आतून पेटलेला, आणि त्याच्या टोकाला एक फिकट चंद्रकोर होती. नवनाथने दुपारपासून अकरा बेडवर अकरा वेळा हेच पाहिलं होतं. चिमटी लावलेलं बोट. नखाखालचं मांस लाल उजळलेलं, नाडीबरोबर किंचित मंद होणारं, किंचित तेज होणारं.

बोट वाकलं. सरळ झालं. पुन्हा वाकलं, आपण कोणाला जवळ बोलावताना वाकवतो तसं.

टाइल कशी बसवली, शिडी कशी उतरली, त्याच्या लक्षात राहिलं नाही. तंबूची चेन उघडायला त्याला तीन वेळा प्रयत्न करावा लागला.

‘‘काय आहे वर?’’ सिस्टरांनी विचारलं.

‘‘काही नाही,’’ नवनाथ म्हणाला. ‘‘जुनी तार आहे एक.’’

सिस्टर क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्या काउंटरकडे वळल्या.

६

त्याने आल्हाद सरांना विचारलं नाही. चारही डबे बंद केले. पडद्यावर अकरा चौकोन करडे झाले. भिंतीतल्या जुन्या तारा अजून काढलेल्या नव्हत्या. तो आणि सिस्टर दोघं बेडामागून बेडाकडे धावत त्या मॉनिटरना जोडत गेले. एक, दोन, तीन. चौकोन पुन्हा हिरवे होऊ लागले. सरकवलेल्या सातला लांब तार ओढून जोडलं तेव्हा मालनबाईंचा ऑक्सिजन ९४ होता. अकरा जोडून झाले.

बारावा चौकोन चालूच होता.

डबे बंद होते. नेटवर्क नव्हतं. तरी रेघ वर-खाली होत होती. पण आता ऑक्सिजन ८८ होता. मग ८६. मग ८४, आणि काउंटरवरची घंटा वाजू लागली.

फोनही वाजला. ‘‘पगारे, नेटवर्क कुठे गेलं?’’ आल्हाद सर किंचाळत होते. ‘‘तुम्ही इंजिनियर आहात का भगत? पेशंटच्या ऑक्सिजनवर वायफायचा परिणाम होतो म्हणून मी समितीला सांगू? बंद करून गेलात तर पुन्हा ह्या इमारतीत पाऊल ठेवायचं नाही!’’

‘‘नाही ठेवत,’’ नवनाथ म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

८१. घंटा थांबत नव्हती. ज्यांना कळत होतं ते पेशंट डोळे उघडून बघत होते, आपली तर नाही ना म्हणून. इंदिरा सिस्टर खुर्चीवर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. बावीस वर्षं ही घंटा वाजली की त्यांचे पाय आपोआप चालायला लागत. आता कुठे चालायचं ते पायांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी छोटा ऑक्सिजन सिलिंडर ढकलत आणला आणि पाचव्या टाइलखाली येऊन उभ्या राहिल्या, हातात मास्क घेऊन.

‘‘पगारे. वर नक्की काही नाही ना?’’

शिडी अजून तंबूत उभी होती. चार पायऱ्या. नवनाथने तिकडे पाहणं टाळलं.

‘‘नाही,’’ तो म्हणाला. ‘‘नक्की.’’

७२. ६५. नाडी चाळीस. मग आकड्यांच्या जागी नुसत्या आडव्या रेघा आल्या, आणि हिरवी रेघ अडखळली, एक ठोका जोरात आला, आणि ती सपाट झाली. घंटेचा सूर बदलला. सिस्टरांनी सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून बावन्न मिनिटं. त्यांनी रजिस्टर ओढलं, वेळ लिहिली, नावाच्या रकान्यापाशी पेन थांबलं, आणि त्यांनी लिहिलेलं खोडून टाकलं.

थोड्या वेळाने चौकोन मिटला. उरलेले अकरा सरकून नीट बसले.

७

समितीने तारांवरच तपासणी केली आणि शेरा न मारता गेली. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या पार्टीने तिथेच वायफाय बसवलं. यादीत अकरा दिसतात, सगळं सुरळीत चालतं, असं नवनाथच्या कानावर आलं. मालनबाई बऱ्या होऊन घोटीला गेल्या. नवनाथने दवाखान्यांची कामं घेणं बंद केलं आणि विचारणाऱ्याला नियमांचा वैताग येतो म्हणून सांगू लागला. ते खोटं नव्हतं.

शिडी आणि व्हॅक्युम मात्र आयसीयूतच राहिले होते. ते न्यायला तो एका सकाळी अकराच्या सुमारास गेला. वॉचमनने नाव विचारलं नाही. वर इंदिरा सिस्टरांनी सामान एका कोपऱ्यात पुसून ठेवलं होतं. त्यांनी चहा मागवला. दोघं काउंटरपाशी उभ्या उभ्या प्यायले. बेड सातवर एक नवा पेशंट होता, तरणा, झोपलेला.

‘‘एक विचारू?’’ सिस्टर म्हणाल्या. ‘‘रागावू नका. मला झोप लागत नाही नीट.’’

‘‘विचारा.’’

‘‘तुम्ही म्हणालात, वर काही नाही.’’

‘‘हो.’’

‘‘मग टाइल बसवताना तुम्ही बोललात कोणाशी?’’

नवनाथने कप खाली ठेवला. ‘‘मी? मी काही बोललो नाही.’’

‘‘बोललात. मी तंबूच्या बाहेर हातभर अंतरावर होते. ‘हो, हो,’ म्हणालात. ‘जरा थांबा, आलोच मी.’ आम्ही पेशंटला म्हणतो तसं, अगदी मायेने. मला वाटलं, मलाच म्हणताय.’’

त्याने आठवून पाहिलं. पोकळी आठवली, ऊब आठवली, ते लाल बोट आठवलं. त्यानंतर टाइल हातात होती. आणि आता, चहाचा वास नाकात असताना, त्याला स्वतःचा आवाज आठवला. खरंच तो म्हणाला होता. ‘हो, हो.’ घाबरून नव्हे, कोणी काही विचारल्यावर आपण उत्तर देतो, तसं.

काय विचारलं होतं, ते मात्र काही केल्या आठवेना.